सगळ्या बस्तीचा एकच पासवर्ड

आमच्या बस्तीत कोणी कोणाला पासवर्ड विचारत नसे, कारण तो सगळ्यांना ठाऊकच होता. इंग्रजीत जयभीम, आणि पुढे चौदा एप्रिलचे आकडे. समाजमंदिराच्या वायफायला तोच, पोरांच्या ईमेलला तोच, बचत गटाच्या मोबाइललाही तोच. कोणाचा फोन अडला की शेजारचा माणूस हातात घेऊन सरळ उघडून द्यायचा. मी मंगरूळपीरला एका कार्यालयात लिपिक आहे. तिथे दर काही महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावतात, त्यामुळे गावी आले की माझं डोकं फिरायचं. "ही काय किल्ली झाली? दारावर पाटीच लावून ठेवा ना!" मी म्हणायचे. लोक हसायचे, आणि सगळ्यांत जास्त माझे बाबा हसायचे.

बाबा पेशानं गवंडी. पण आमच्या जऊळक्याच्या आसपासच्या गावांत त्यांना कोणी गवंडी म्हणून ओळखत नाही, गायक म्हणून ओळखतात. त्यांची गायन पार्टी होती. जयंतीला, लग्नाला, कोणी वारलं तर पुण्यानुमोदनाला ते भीमगीतं गायचे, बरीचशी स्वतःच बांधलेली. माझं पासवर्डचं व्याख्यान त्यांनी एकदाच नीट ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "माया बाप चावडीसमोरून जातानी हा शब्द तोंडातल्या तोंडात म्हने. कोनी आयकलं त मार बसे. मी थोच शब्द भोंग्यावर गायलो. आता मोबाइलमंदी लपवू म्हनतं काय?" पासवर्ड हा लपवायचाच असतो, हे साधं वाक्य त्यांच्यापुढे म्हणताना माझी जीभ अडखळली. मी विषय सोडून दिला.

पार्टीचं इंटरनेटवर एक चॅनल होतं. गाणं बाबांच्या फोनवर टिपायचं, चॅनलवर चढवायचं आणि लगेच फोनमधून पुसायचं, अशी रीत. फोन स्वस्तातला, दोन गाण्यांत भरून जायचा. पासवर्ड पेटीवाल्यापासून कोरसपर्यंत सगळ्यांकडे. पेटी जशी पार्टीची, तसं चॅनलही पार्टीचं, त्यात माझं-तुझं काय, असं बाबांचं म्हणणं.

मग बाबांच्या गळ्याला गाठ निघाली. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्ला होता आयुष्यभर. अकोल्याला ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं. आता बाबा गळ्याच्या छिद्रातून श्वास घेतात. ओठ हलवून बोलतात, ते आईला आणि मला कळतं, बाकीच्यांना फोनवर टाइप करून दाखवावं लागतं. आवाज म्हणाल तर वाऱ्याचा सूं एवढाच.

म्हणजे बाबांचा आवाज आता फक्त त्या चॅनलवर होता. बस्तीतल्या फोनांत त्यांच्या गाण्यांचे तुकडे होते, स्टेटसला लावण्यापुरते. अख्खं गाणं कोणाकडेच नव्हतं. चॅनलवर आहे की, म्हणून कोणी उतरवूनच घेतलं नव्हतं. आई रोज संध्याकाळी भाकरी थापताना फोन फळीला टेकवून गाणी लावायची आणि बाबा दाराशी बसून ऐकायचे. स्वतःचा आवाज ऐकताना माणसाला काय वाटत असेल, हे विचारायची हिंमत मला कधी झाली नाही.

त्या रविवारी सकाळी मंगरूळपीरला मी चहा ठेवला होता, तेवढ्यात ढोलकीवाल्या काकांचा फोन आला. हे काका पहिल्यापासून बाबांच्या पार्टीत, घरातलेच. "बाई, चॅनल दिसून नाही राह्यलं," ते म्हणाले. "तुया फोनवर पाह्य बरं."

मी पाहिलं. बाबांच्या फोटोच्या जागी एक सोन्याचं नाणं फिरत होतं. नाव भलतंच इंग्रजी. एक सुटाबुटातला माणूस पैसे दुप्पट करायची युक्ती सांगत होता. गाणं एकही नव्हतं. मी वर सरकवलं, खाली सरकवलं, बंद करून पुन्हा उघडलं. चहा उतू गेला आणि गॅस विझला तरी मी तशीच उभी होते.

जीप मिळेल ती पकडून घरी पोचले. बाबा खाटेवर बसून पासवर्ड टाकत होते. फोन म्हणायचा, चुकीचा आहे. ते पुसायचे, पुन्हा तोच टाकायचे. एका अक्षराची चूक नव्हती. माझ्याकडे बघून त्यांनी ओठ हलवले, "हा त आपलाच हाये ना?"

आता नाहीये, बाबा, एवढंच मी म्हणाले.

ढोलकीवाले काका दाराच्या आत यायला तयार नव्हते. उंबऱ्यापाशी उभे राहून त्यांनी सांगितलं. आदल्या संध्याकाळी त्यांना मेसेज आला होता: तुमच्या गाण्याविरुद्ध तक्रार आली आहे, आजच्या आज खात्री न दिल्यास चॅनल बंद होईल. खाली निळी लिंक. दाबली तर हुबेहूब ओळखीचं पान उघडलं, त्यानं पासवर्ड मागितला आणि काकांनी दिला.

मी भडकलेच. "काका, चोर दारात येऊन किल्ली मागते अन् तुमी त्याच्या हातात देता? एक फोन नाही करता आला मले?"

"मले वाटलं, बंद झालं त याचा आवाजच जाईन," काका म्हणाले. "म्हनून घाईघाईनं टाकला वं बाई."

बाबांनी खाटेच्या माचव्यावर जोरात थाप मारली. ते रागावले की आता असंच करतात. मी वळून पाहिलं. "त्याले काहून बोलून राह्यली?" त्यांचे ओठ म्हणाले. "किल्ली म्या वाटली व्हती."

तरी माझा राग गेला नव्हता. काकांवर होता, बाबांवर होता, आणि त्या सुटाबुटातल्या माणसावर तर विचारूच नका. आईनं काकांचा हात धरून त्यांना आत आणलं आणि पाणी दिलं.

खातं परत मिळवायचं पान मी माझ्या फोनवर उघडलं. चोरानं आत शिरून स्वतःचा नंबर टाकला असला, तरी जुना नंबर अजून आठवडाभर ओळख म्हणून चालेल, असं तिथे लिहिलं होतं. मला हायसं वाटलं. जुन्या नंबरावर ओटीपीचे आकडे येतील, ते टाकायचे की झालं.

"बाबा, सिम कुठं हाये?"

बाबा खाली बघायला लागले. उत्तर आईनं दिलं. "थे सिम त चुलीत गेलं, बाई."

अकोल्याहून घरी आल्यावर एकदा बाबांचा फोन वाजला होता. सवयीनं त्यांनी तो उचलून कानाला लावला. पलीकडचा माणूस कुठल्याशा गावचा, कार्यक्रमाची सुपारी द्यायला फोन केलेला. हॅलो, हॅलो, ऐकू येते काय गायक, असं ओरडून ओरडून त्यानं फोन ठेवला. बाबांनी सिम काढलं आणि पेटत्या चुलीत टाकलं. आवाजच नाही तर नंबर कशाला, असं आईला म्हणाले. तेव्हापासून त्यांचा फोन समाजमंदिराच्या वायफायवर चालत होता. हे मला आईनं सांगितलंच नव्हतं. सांगून तरी काय केलं असतं मी? पण चॅनलची किल्ली त्याच नंबराला बांधलेली होती, हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

मी सिम कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. बराच वेळ वाजंत्री ऐकवून एक तरुण आवाज आला. मी सगळं सांगितलं. नंबर जिवंत आहे की दुसऱ्या कोणाला गेला, एवढंच सांगा म्हटलं.

"मॅडम, ज्यांच्या नावावर नंबर आहे त्यांच्याशी बोलावं लागेल. सुरक्षेचा नियम आहे."

"त्यांना बोलता येत नाही. ऑपरेशन झालंय."

"फक्त पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगायची आहे, मॅडम."

"अहो, बोलताच येत नाही म्हणते ना मी!"

"त्यांना फोन द्या, प्लीज."

मी काही करायच्या आत बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला. स्पीकर चालू होता. ते खाटेवर ताठ बसले, कार्यक्रमाआधी बसायचे तसे, आणि तोंड उघडून आपलं नाव सांगू लागले. ओठ हलले. गळ्यातून फक्त वारा आला.

"सर, आपला आवाज येत नाहीये."

बाबांनी पुन्हा सांगितलं. मानेच्या शिरा फुगल्या. ढोलकीवाल्या काकांनी तोंड फिरवलं.

"सर? आवाज येत नाहीये. कृपया मोठ्यानं बोला."

मी फोन हिसकावून घेतला आणि त्या मुलाला नको नको ते बोलले. त्याची चूक नव्हती, मला कळत होतं. माझ्यासारख्याच एखाद्या बाईचं सोंग घेऊन कोणी चोर फोन करू शकला असता, म्हणून तर तो नियम. पण त्या क्षणी मला तो नियम करणाऱ्याचा गळा धरावासा वाटला. शेवटी त्यानं सांगितलं की ग्राहकाला आधार कार्डासह दुकानात घेऊन या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा, काका आणि मी वाशीमला गेलो. काकांना येऊ नका म्हटलं, तरी ते आले. आदल्या दिवसापासून ते जेवलेच नव्हते, असं जीपमध्ये कळलं.

दुकानात एक मुलगी होती. तिनं नंबर तपासला आणि म्हणाली, "अजून तुमच्याच नावावर हाये. पन बंद पडून दुसऱ्याले जाच्या बेतात होता, बरं का." मग तिनं बोटांच्या ठशांचं यंत्र पुढे केलं. बाबांनी अंगठा ठेवला. लाल दिवा. दुसरं बोट, लाल दिवा. जन्मभर सिमेंट कालवलेले हात, त्या बोटांवर रेघा कुठून राहणार! मुलीनं बोटं ओल्या फडक्यानं पुसली, तेल लावून पाहिलं, दाबून पाहिलं. लालच. मागे रांग लागली होती. एक जण म्हणाला, "काका, व्हा ना बाजूले." ढोलकीवाले काका त्याच्याकडे असे बघायला लागले की तो मागे सरकला.

गळा गेला, बोटं गेली. आपण आपणच आहोत हे या माणसानं सिद्ध कशानं करायचं? मला रडू यायला लागलं होतं, पण तिथं रडून चालणार नव्हतं.

मुलीनं मग फोन समोर धरला. "चेहऱ्यानं होते काय पाहू. कॅमेऱ्यात पाहा अन् डोळे मिचकावा." बाबांनी डोळे मिचकावले. एकदा झालं नाही. उपरणं गळ्यावरून थोडं खाली घ्या, सावली पडते, ती म्हणाली. बाबा ते छिद्र कोणाला दिसू देत नाहीत. त्यांनी उपरणं खाली घेतलं आणि सगळ्या रांगेसमोर डोळे मिचकावले. हिरवी खूण आली.

मी सिम हातात घेतलं तेव्हा मुलगी म्हणाली, "एक सांगू काय, ताई. नवीन सिमवर एक दिवस मेसेज येत नाई. कोनी दुसऱ्याचं सिम काढून आकडे चोरू नये म्हनून बंद ठेवतेत."

म्हणजे अजून एक दिवस. चोर आत बसलेला, आणि आम्ही आपल्याच दारासमोर ताटकळत उभे. त्यानं गाणी नुसती लपवली आहेत की पुसून टाकली, हे बाहेरून कळायला मार्ग नव्हता. लपवली असतील तर परत काढता येतात. पुसली तर संपलं.

तो दिवस कसा काढला ते आमचं आम्हाला माहीत. त्या संध्याकाळी आईनं भाकऱ्या केल्या आणि फळीवर फोन ठेवला नाही. थापायचा आवाज तेवढा येत राहिला. बाबा दाराशी बसले होते, रोजच्या जागी. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. "एखादं बी गानं नाही राह्यलं तं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, राहील बाबा. मला काहीच खात्री नव्हती.

मंगळवारी दुपारी बाबांच्या फोनात घातलेल्या नव्या सिमवर पहिला मेसेज वाजला. कंपनीनं स्वागत केलं होतं. मी खातं परत मिळवायचं पान उघडलं. आठवत असलेला शेवटचा पासवर्ड विचारला, तो बाबांनी टाकला. मग आकडे मागवले. फोन वाजला, आकडे आले, मी टाकले, आणि पान म्हणालं, नवा पासवर्ड तयार करा.

"हा तुम्ही करायचा," मी बाबांना म्हटलं. "लांब पाहिजे. चार शब्द घ्या, एकमेकांशी काही संबंध नसलेले. आपलं नाव नाही, गाव नाही, तारीख नाही. तुमच्या कोणत्याच गाण्यात न आलेले. आणि जयभीम नाही, बाबा." बैल गेला अन् झोपा केला, तशातली गत होती. पण बैल अजून परत यायची आशा होती.

बाबा विचार करत राहिले. मी घाई करत होते, चोर आत आहे, बाबा, लवकर. त्यांनी हातानं थांब म्हटलं. गाणं बांधताना ते असेच छताकडे बघायचे. मग त्यांनी आमच्याकडे पाठ केली आणि एकेक अक्षर दाबून टाइप केलं. त्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदाच एखादा शब्द लपवला. मला वाईट वाटलं. असं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं.

खात्यात कोणकोणते फोन शिरलेत त्याची यादी मी उघडली. एक आमचा. एक अनोळखी, दूरच्या कुठल्याशा शहरातला, आणि त्याच्यासमोर लिहिलेलं, आत्ता सुरू. तो खरंच आत होता. मी 'बाहेर काढा' दाबलं. पुन्हा खात्री विचारली, पुन्हा दाबलं. मग दुसरं कुलूप घातलं, म्हणजे नुसत्या पासवर्डनं दार उघडणार नाही, बाबांच्या फोनवर आलेले आकडेही लागतील. काकांना म्हटलं, "हे आकडे कोनी मागितले त द्यायचे नाही. मी मागितले तरी नाही." काकांनी कान पकडले.

"पण बाबा, तुमच्या मागे कोणाला तरी ठाऊक पाहिजे," मी म्हटलं. आमच्या घरात असं स्पष्टच बोलतात. बाबांनी मला जवळ बोलावलं आणि ओठ हलवून चार शब्द सांगितले. तिसऱ्यांदा सांगितल्यावर मला नीट कळले. काका दोन हात अंतरावर बसले होते, त्यांना काही ऐकू गेलं नाही.

मग मी चॅनल उघडलं. गाणी लपवलेली होती. पुसलेली नव्हती! मी ओरडले, आई पिठाच्या हातानं धावत आली. सगळी निवडून मी पुन्हा दिसती केली. काकांनी पहिलंच गाणं लावलं आणि बाबांचा आवाज घरभर झाला. बाहेर कोणीतरी म्हणालं, "आलं वाटते." दारात माणसं जमली. काका रडत होते आणि मांडीवर ठेका धरत होते.

मी खाली सरकवत गाणी पाहत होते. नव्याकडून जुन्याकडे लावलेली असतात. सगळ्यांत वर जे असायला हवं होतं, ते नव्हतं. अकोल्याला ऑपरेशनला निघायच्या दिवशी बाबांनी याच खोलीत गाऊन ठेवलेलं, पेटी नाही, ढोलकी नाही, नुसता गळा. चोरानं वरून पुसायला सुरुवात केली असावी, आणि का कोण जाणे, पुढे नुसतं लपवत गेला. मी पुसलेल्यांची जागा शोधली, सगळीकडे शोधलं. ते परत यायला वाट नव्हती.

मला सांगवेना. पण बाबा माझ्या खांद्यावरून बघतच होते. त्यांनी माझ्या हातातला फोन घेतला, सगळ्यांत वरच्या गाण्यावर बोट ठेवलं, आणि कळलं त्यांना.

मी म्हटलं, "बाबा, ते शेवटचं..."

त्यांनी मान हलवली. आईला कळू नये म्हणून की काय, तोंड माझ्याकडे वळवून ओठ हलवले. "जाऊ दे वं. थे बेसूर झालं व्हतं."

त्या दिवशी गाणं टिपताना फोन मी धरला होता. बेसूर झालं नव्हतं.